देशाचा इतिहास, देशाबाहेरूनही

जानेवारी २०१७मध्ये फ्रान्समध्ये एक जाडजूड इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला. नाव होते ‘फ्रान्सचा जागतिक इतिहास’. पात्रिक बुशराँ यांच्या संपादनाखाली १२२ इतिहासकारांनी तो लिहिला होता. एकूण १४६ वर्षे निवडून प्रत्येक वर्षावर एक छोटे प्रकरण, अशी त्याची रचना होती. पहिले प्रकरण इसवी सनापूर्वी ३४,००० या काळाचे, शोव्हे गुहेतल्या चित्रांचे. ती चित्रे काढली गेली तेव्हा फ्रान्स हा देश नव्हता, फ्रेंच भाषा नव्हती आणि सीमारेषा तर नव्हतीच. फ्रान्सच्या इतिहासाची सुरुवात ‘आपल्या पूर्वजां’पासून करायची नाही, हे संपादकांनी पहिल्याच पानावर ठरवून टाकले होते.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती आणि ‘फ्रेंच अस्मिता’ हा प्रचाराचा मुद्दा झाला होता. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. टीकाही जोरात झाली. तत्त्वचिंतक अलँ फिंकेलक्रोट यांना त्यात फ्रान्सच्या वारशाचा अव्हेर दिसला. पिएर नोरा यांच्यासारख्या ज्येष्ठ इतिहासकारानेही आक्षेप घेतले. पण कल्पना थांबली नाही. इटलीचा, स्पेनचा, कॅटालोनियाचा असाच जागतिक इतिहास पाठोपाठ आला.

वाद फ्रान्सचा असला तरी प्रश्न सगळ्यांचाच आहे. एखाद्या देशाचा इतिहास त्याच्या सीमेच्या आत राहून पुरता सांगता येतो का? गेल्या तीन-साडेतीन दशकांत अनेक इतिहासकारांनी याचे उत्तर ‘नाही’ असे दिले आणि त्या उत्तराला साजेशी कामाची पद्धतही घडवली. राष्ट्र हा विषय त्यांनी सोडलेला नाही. राष्ट्र ज्या घडामोडींतून घडले, त्या त्याच्या सीमेवर थांबत नाहीत, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

चौकट कुठून आली?

देशवार इतिहास लिहिण्याची पद्धत आपल्याला स्वाभाविक वाटते, पण ती एकोणिसाव्या शतकात रुजली. जर्मनीत लिओपोल्ड फॉन रांके यांनी अस्सल कागदपत्रांवर आधारलेल्या इतिहासाचा पाया घातला. हे कागद होते सरकारी दप्तरखान्यांत. म्हणजे दप्तर सरकारचे, त्याची वर्गवारी सरकारी खात्यांची आणि भाषाही सरकारची. याच काळात युरोपात नवी राष्ट्रे उभी राहत होती. त्यांना शाळेत शिकवायला एक सलग गोष्ट हवी होती. फ्रान्समध्ये झ्यूल मिशले यांनी आणि अमेरिकेत जॉर्ज बॅंक्रॉफ्ट यांनी ती लिहिली. बॅंक्रॉफ्ट यांचा अमेरिकेचा इतिहास १८३४ ते १८७४ या काळात दहा खंडांत आला. स्वातंत्र्याच्या दिशेने एका राष्ट्राची वाटचाल, हे त्याचे सूत्र होते.

या इतिहासाने मोठे काम केले. पुरावा तपासायची शिस्त त्याने लावली. पण जिथे देशाची सीमा संपते तिथे प्रश्नही संपतो, अशी सवयही त्यातूनच लागली. माल, पैसा, रोगराई, स्थलांतर आणि विचार या गोष्टी सीमा ओलांडून येतात-जातात. त्यांची नोंद दोन देशांच्या दप्तरांत विभागली जाते आणि दोन्हीकडे अर्धवट राहते.

अमेरिकेत ही सवय जास्तच घट्ट झाली. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या वसाहतींच्या सरहद्दीने अमेरिकी माणूस घडवला. युरोपातून आलेल्या वारशापेक्षा इथल्या मोकळ्या जमिनीला त्यांनी अधिक महत्त्व दिले. आपला देश इतर देशांसारखा नाही, ही भावना इतिहासाच्या अभ्यासक्रमात मुरली. त्यामुळे तुलना करायची गरजच कुणाला वाटेना.

या समजुतीला १९९१मध्ये एका ऑस्ट्रेलियन इतिहासकाराने धक्का दिला. इयन टिरेल यांनी ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात लेख लिहून अमेरिकेच्या वेगळेपणाचा दावा इतिहासकारांनी सोडून द्यावा, असे सांगितले. त्याच अंकात मायकेल मॅकगर यांचे उत्तरही छापले गेले. राष्ट्राची ताकद कमी लेखू नका, असा त्याचा रोख होता. पुढे १९९७ ते २००० या काळात न्यूयॉर्क विद्यापीठ आणि अमेरिकी इतिहासकारांची संघटना यांनी इटलीत, फ्लॉरेन्सजवळच्या ला पिएत्रा या वास्तूत, सलग परिषदा भरवल्या. देशोदेशीचे अभ्यासक तिथे जमले. त्या चर्चेचे सूत्रधार थॉमस बेंडर यांनी २००६मध्ये ‘अ नेशन अमंग नेशन्स’ हे पुस्तक लिहिले. अमेरिकेच्या इतिहासातल्या मोठ्या घटना जगाच्या इतिहासाचाच भाग म्हणून वाचल्या तर काय दिसते, हे त्यांनी त्यात एकेक घटना घेऊन दाखवले.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे पाहायला अमेरिकेचे यादवी युद्ध हे उत्तम उदाहरण आहे. एक तर ते अमेरिकेचे अगदी घरचे प्रकरण मानले जाते. आणि दुसरे म्हणजे त्याचा एक धागा थेट वऱ्हाडात येतो.

एक यादवी, चार वाटा

नेहमीची हकिगत अशी. गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण भागांत तेढ वाढली. दक्षिणेकडची राज्ये फुटून निघाली. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला. एप्रिल १८६५मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि त्याच वर्षअखेर घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायमची संपली. यात चुकीचे काहीच नाही. प्रश्न आहे तो यात काय दिसत नाही याचा.

सीमापार विचार करणारा इतिहासकार पहिल्यांदा आजूबाजूचा काळ पाहतो. १८६१मध्येच रशियाच्या झारने भूदासांना मुक्त केले. त्याच वर्षी इटलीचे एकसंध राज्य जाहीर झाले. १८६८मध्ये जपानात मेइजी सत्तांतर झाले आणि १८७१मध्ये जर्मनी एक झाला. विखुरलेली सत्ता एका केंद्राखाली आणायची आणि माणसांना जमिनीशी किंवा मालकाशी बांधून ठेवणारी व्यवस्था मोडायची, ही ओढ एकाच वेळी अनेक ठिकाणी दिसते. लिंकन यांचे युद्ध या मालिकेत ठेवले की ‘अमेरिकेतच असे का घडले?’ याच्या जोडीला ‘तेव्हाच असे सगळीकडे का घडत होते?’ हा प्रश्नही उभा राहतो.

दुसरी वाट माणसांची. १८४८मध्ये युरोपातली क्रांती चिरडली गेल्यावर हजारो जर्मन लोकशाहीवादी अमेरिकेत आले. कार्ल शुर्झ हे त्यांपैकीच एक. ते उत्तरेच्या सैन्यात जनरल झाले. उत्तरेच्या सैन्यातला सुमारे चौथा हिस्सा परदेशात जन्मलेल्यांचा होता. लिंकन यांच्या सरकारने तर इटलीच्या गारिबाल्डीलाही सैन्यात येण्याचा प्रस्ताव दिला होता. युरोपात हरलेली लढाई आपण इथे पुढे नेत आहोत, असे यांतल्या अनेकांना वाटत होते. म्हणून या युद्धाची पाळेमुळे शोधताना बर्लिन आणि व्हिएन्नाचे कागदही वाचावे लागतात.

तिसरी वाट मालाची, आणि इथे इतिहास जमिनीला टेकतो.

खामगाव ते लिव्हरपूल

युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीनचतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे. तो गुलामांच्या श्रमावर पिकत होता. दक्षिणेच्या पुढाऱ्यांना या पिकाची घमेंड होती. १८५८मध्ये सिनेटर जेम्स हॅमंड यांनी सिनेटमध्ये जाहीरपणे सांगितले होते की कापसाशी युद्ध करायची जगात कुणाचीच छाती नाही. कापूस थांबला की लँकाशायरच्या गिरण्या थांबतील, मग इंग्लंडला दक्षिणेला मान्यता द्यावीच लागेल, असा हिशेब होता. लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि खुद्द दक्षिणेनेही सुरुवातीला कापूस रोखून धरला. लँकाशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगारांची उपासमार झाली. तरी इंग्लंडने दक्षिणेला मान्यता दिली नाही.

का दिली नाही, याची कारणे अनेक होती. आधीच्या वर्षांचा कापूस गोदामांत शिल्लक होता. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर इंग्लंडमधले लोकमत दक्षिणेच्या विरोधात वळले. मँचेस्टरच्या कामगारांनी, हाताला काम नसतानाही, लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले आणि जानेवारी १८६३मध्ये लिंकन यांनी त्याला उत्तर दिले. आणखी एक कारण म्हणजे कापूस दुसरीकडून मिळू लागला. इजिप्त आणि ब्राझील पुढे आले, आणि १८६२पर्यंत ब्रिटनला सर्वांत जास्त कापूस हिंदुस्थान पुरवू लागला.

हा कापूस गुजरातेतून, खानदेशातून, धारवाडकडून आणि वऱ्हाडातून येत होता. वऱ्हाड १८५३च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आले होते. खामगाव, अमरावती, हिंगणघाट या बाजारांतला कापूस बैलगाड्यांनी आणि बैलांच्या पाठीवरून निघे, कुलाब्याच्या कापूस बाजारात पोहोचे आणि तिथून आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने लिव्हरपूलला जाई. सुएझ कालवा अजून खुला व्हायचा होता. आपला धागा आखूड आणि मालात कचरा, म्हणून लँकाशायरचे कामगार त्याच्या नावाने बोटे मोडत. पण पर्याय नव्हता, आणि भाव चढत गेला.

मुंबईत पैशांचा पूर आला. बँका आणि वित्तसंस्था भराभर निघाल्या. बॅक बेचा समुद्र हटवण्यासाठी काढलेल्या कंपनीच्या शेअरचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला. सट्टेबाजांचा मुकुटमणी प्रेमचंद रायचंद होता. त्याच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे. १८६५च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस गडगडला आणि १ जुलै १८६५ रोजी मुंबईचा शेअर बाजार कोसळला. दिनशा वाच्छांनी पुढे या काळावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. व्हर्जिनियातली शरणागती आणि मुंबईतली दिवाळखोरी या एकाच साखळीतल्या दोन घटना होत्या.

युद्ध संपले तरी वऱ्हाडाचे रूप पूर्वीसारखे राहिले नाही. १८६७मध्ये मुंबई ते नागपूर रेल्वे पुरी झाली. १८७०मध्ये खामगावपर्यंत फाटा गेला आणि त्याच वर्षी समुद्रतळाच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. वऱ्हाडी शेतकऱ्याच्या कपाशीचा भाव आता लिव्हरपूलच्या बाजारात ठरू लागला. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवर १९९७मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हे कापूसकेंद्रित अर्थकारण आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे भीषण दुष्काळ यांचा संबंध दाखवला आहे.

हार्वर्डचे इतिहासकार स्वेन बेकर्ट यांनी २०१४च्या ‘एम्पायर ऑफ कॉटन’ या पुस्तकात हे सगळे धागे एकत्र विणले. गुलाम मुक्त झाल्यावर स्वस्तात कापूस पिकवायचा कुणी, हा प्रश्न एकाच वेळी मिसिसिपी, नाईल आणि पूर्णेच्या खोऱ्यात कसा सोडवला गेला, हे ते दाखवतात. उत्तर बहुतेक ठिकाणी सारखेच निघाले. चाबकाच्या जागी कर्ज, करार आणि कायदा आला.

चौथी वाट विचारांची

विचारांचा माग काढणे सर्वांत अवघड असते, कारण त्यांची जकातीच्या नाक्यावर नोंद होत नाही. पण अमेरिकेतल्या गुलाममुक्तीची एक नोंद मराठीत ठळक आहे. १८७३मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा गौरव करून, आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यातून सोडवण्यासाठी तो कित्ता गिरवावा, अशी आशा जोतीरावांनी त्यात व्यक्त केली. युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. पुण्यातला एक माणूस तिकडच्या घटनेचा अर्थ आपल्या समाजाच्या संदर्भात लावत होता. ही घटना महाराष्ट्राच्या इतिहासातली आहे, तशीच ती अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या इतिहासातलीही आहे. त्या युद्धाचा जगाने काय अर्थ घेतला, याचा तो पुरावा आहे.

हा धागा पुढेही तुटला नाही. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत होते. त्याच्या प्रती मिळाव्यात, कारण अस्पृश्यांनाही तीच वाट धरायची आहे, असे आंबेडकरांनी कळवले. दु बॉइस यांनी लगोलग सहानुभूतीचे उत्तर दिले. दोन मुक्तिलढ्यांचे नेते एकमेकांकडे पाहत होते, हे कळल्यावर दोन्ही लढ्यांचा इतिहास अधिक भरीव होतो.

मग राष्ट्र कुठे गेले?

या पद्धतीवर मुख्य आक्षेप हाच घेतला जातो. सगळेच सगळ्यांशी जोडलेले असेल, तर राष्ट्राला काही अर्थ उरतो का?

आक्षेप गंभीर आहे आणि वरच्या उदाहरणातच त्याचे उत्तरही आहे. बंदरांची नाकेबंदी एका सरकारने केली. गुलाममुक्तीचा हुकूम एका राष्ट्राध्यक्षाने काढला. वऱ्हाडात शेतसारा आणि जमिनीची मालकी एका साम्राज्याच्या कायद्याने ठरवली. सीमा ओलांडणाऱ्या प्रवाहांना दिशा देण्याचे, अडवण्याचे आणि त्यांचा फायदा कुणाच्या पदरात टाकायचा हे ठरवण्याचे काम राज्यसंस्थाच करत होती. म्हणून चांगला सीमापार इतिहास राष्ट्राला वगळत नाही. राष्ट्राने नेमके काय केले आणि त्याच्यावर बाहेरून काय आदळले, हे तो वेगवेगळे करून दाखवतो. श्रेय आणि जबाबदारी दोन्ही मग योग्य जागी जातात.

दुसरा धोका सोप्या कार्यकारणभावाचा. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि कर्जखतांची होळी केली. हे दख्खनचे दंगे अमेरिकेतल्या युद्धामुळे झाले, असे एका वाक्यात सांगण्याचा मोह होतो. युद्धकाळात तेजीबरोबर कर्जे सैल हाताने मिळाली आणि मंदीत सावकारांनी हात आखडला, हे खरेच. पण त्याच सुमारास सरकारने पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत सारा वाढवला होता आणि दिवाणी न्यायालये सावकाराच्या बाजूने हुकूमनामे देत होती. दूरचे कारण स्थानिक कायद्याच्या आणि माणसांच्या हातून काम करते. ते हात दाखवले नाहीत तर इतिहास नुसता नकाशावरच्या बाणांचा होतो.

तिसरी अडचण दप्तराची आणि भाषेची. असा इतिहास लिहायला दोन-तीन भाषा, दोन-तीन देशांचे दप्तरखाने आणि प्रवासाचा खर्च लागतो. तो श्रीमंत विद्यापीठांना परवडतो. परिणामी जगाचा इतिहास बऱ्याचदा इंग्रजी कागदांवरून इंग्रजीतच लिहिला जातो. वऱ्हाडातल्या कापसाबद्दल इंग्रज अधिकाऱ्याचा अहवाल सापडतो, शेतकऱ्याचा आवाज सापडत नाही.

आपल्या कपाटातले कागद

इथे मराठी वाचकाला आणि अभ्यासकाला करण्यासारखे पुष्कळ आहे. सीमेपलीकडच्या कागदांचे महत्त्व आपल्या संशोधकांना आधीच कळले होते. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याचा पुराभिलेख सांभाळला आणि पोर्तुगीज कागदांच्या आधारे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे पुस्तक लिहिले. परक्यांच्या दप्तरातून मराठ्यांचा इतिहास अधिक स्पष्ट होतो, हे त्यांनी सिद्ध केले. पुढची पायरी आहे ती घटनांचा विस्तार पाहण्याची. १७७५ ते १७८२चे पहिले इंग्रज-मराठा युद्ध आपण राघोबादादांची महत्त्वाकांक्षा, वडगाव आणि सालबाई या क्रमाने शिकतो. नेमक्या त्याच वर्षांत इंग्लंड अमेरिकेतल्या वसाहतींशी लढत होते. १७७७मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणिसांकडे आला, तेव्हा कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्ज अस्वस्थ झाला. १७७८मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला. सालबाईच्या तहाची घाई इंग्रजांना झाली, त्यात हैदरअलीच्या आघाडीइतकाच या जगभर पसरलेल्या युद्धाचा ताण होता. त्या युद्धाची अखेरची मोठी लढाई अमेरिकेत झालीच नाही, ती १७८३मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या कडलूरला झाली. नाना आणि महादजी यांची मुत्सद्देगिरी या पटावर ठेवून पाहिली तर ती लहान होत नाही, उलट तिची झेप कळते.

आणि देवाणघेवाण दुतर्फी आहे. पंडिता रमाबाई १८८६मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८८पर्यंत तिथे फिरल्या आणि परतल्यावर १८८९मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिले. तिथल्या स्त्रियांच्या संघटना, शाळा, मद्यपानबंदीची चळवळ आणि वर्णभेद यांचे त्यात बारकाईने केलेले वर्णन आहे. ज्या स्त्रियांच्या मद्यविरोधी संघटनेवर इयन टिरेल यांनी १९९१मध्ये पुस्तक लिहिले, तिच्या कामात रमाबाई स्वतः सहभागी होत्या. एका परदेशी विदुषीने केलेले अमेरिकेचे हे निरीक्षण अमेरिकेच्या इतिहासकारांना हवेच होते. इंग्रजी भाषांतर मात्र २००३मध्ये आले, म्हणजे ११४ वर्षांनी.

अशी किती पाने मराठीत पडून असतील! गिरमिटिया म्हणून गेलेल्यांची पत्रे, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींच्या आठवणी, एडनला आणि पूर्व आफ्रिकेत नोकरी केलेल्या कोकणी कुटुंबांची कागदपत्रे. ही पाने आपल्या घराण्याच्या अभिमानापुरती नाहीत. इराकचा, येमेनचा, केनियाचा इतिहास लिहिणाऱ्यालाही त्यांची गरज आहे. म्हणून घरातले जुने बाड रद्दीत घालू नका. ते जवळच्या इतिहास मंडळाला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दाखवा, आणि जमेल त्याने त्याचे भाषांतर करा.